धुण्याचे मशीन घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला धुण्याच्या मशीनवर दहा मिनिटे बोलावयास सांगितले आहे. माझी शाळा सातवीपर्यंत. हिला यंत्रातले काय कळणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यात वावगे नाही. पण पंचवीस वर्षे धुणे केले आहे, तेवढे मला कळते. आणि मशीन निवडताना यंत्रापेक्षा आपले धुणे आणि आपले पाणी कळावे लागते, असे माझे मत आहे.

मशीन घेणारी बाई आळशी, असे अजून काही घरांत बोलले जाते. बोलणाऱ्याने एकदा भिजलेली सोलापुरी चादर एकट्याने पिळून पाहावी, म्हणजे झाले. धुण्यात कंबर जाते ती घासण्याने कमी आणि पिळण्या-उचलण्याने जास्त.

आता मुद्द्याचे. आपण लातूरच्या बायका. 2016 च्या एप्रिलात आपल्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. तेव्हा घागरी घेऊन रांगेत कोण उभे होते, हेही नाही. म्हणून आपल्याकडे पहिला प्रश्न किमतीचा किंवा कंपनीचा नव्हे. मशीनपर्यंत पाणी कसे पोचणार, हा पहिला प्रश्न.

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक, वरून कपडे टाकायचे फुल्ली ऑटोमॅटिक, आणि पुढून गोल दार असलेले फ्रंट लोड. सहा-सात किलोच्या मशीनला एका धुण्यात फ्रंट लोडला साधारण 50 ते 60 लिटर पाणी पुरते. वरून टाकायच्या ऑटोमॅटिकला 100 लिटर आणि त्याहूनही जास्त लागते. हे ऐकून वाटेल की मग फ्रंट लोडच घ्यावे. थांबा. ती दोन्ही ऑटोमॅटिक मशीन नळाला जोडावी लागतात आणि नळाला दाब असावा लागतो. दाब नसेल तर मशीन पाण्याची वाट पाहत बसते आणि शेवटी चूक दाखवून थांबते. आमच्या ओळखीच्या एका घरी असे भारी मशीन आले. टाकी न्हाणीघराच्या छपरावर, जेमतेम दोन हात उंच. आज त्या मशीनवर भरतकामाचे कापड आणि पापडाचे डबे आहेत.

दाबाचा हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण 1 बार. म्हणजे टाकी नळापासून 10 फूट वर असेल तर 0.3 बार मिळतो. यात गंमत अशी की टाकी डोक्यावरच असलेल्या वरच्या मजल्यावर दाब कमी आणि तळमजल्यावर जास्त. मशीनला किती दाब हवा ते माहितीपुस्तिकेत छापलेले असते. दुकानदाराला पुस्तिका आधी दाखवायला सांगा. "चालेल हो वहिनी" एवढ्यावर पैसे मोजू नका.

सेमी-ऑटोमॅटिकला हे काही लागत नाही. नळी लावा, नाही तर बादलीने भरा. कपडे एका टबातून दुसऱ्यात आपण उचलून टाकायचे, म्हणजे माणूस जवळ लागतेच, हा त्यातला तोटा. पण साबणाचे पाणी आपल्या हातात राहते. आमच्या घरी पहिल्या पाण्यात पांढरे, त्याच पाण्यात मग रंगीत, आणि शेवटी पायपुसणी. खळबळलेले पाणी नळीने बादलीत धरते, ते ओटा, अंगण आणि संडासाला पुरते. आम्ही सहा माणसे, नळाचा दिवस ठरलेला. आम्ही हेच घेतले. ज्यांच्या इमारतीला उंच टाकी आहे आणि ज्या नोकरीला जातात, त्यांनी खुशाल फ्रंट लोड घ्यावे.

पण त्यांनी बोअरच्या पाण्याचा विचार करावा. पातेल्यात पाणी उकळून तळाशी पांढरी खपली धरते का पाहा. धरत असेल तर तीच खपली मशीनच्या हीटरवर बसणार. अशा घरी गरम पाण्याचे धुणे रोज लावू नये, आणि क्षार काढण्याची पावडर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वापरावी. जड पाण्याला साबण जास्त लागतो, हे आपल्याला सांगायला नकोच. फ्रंट लोडला मात्र कमी फेसाची पावडरच लागते. धुणे झाल्यावर दार उघडे ठेवून रबर पुसावे, नाही तर कुबट वास येतो.

किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचे वजन. एक दिवसाचे धुणे धोतरात बांधून ताणकाट्याला लावा. अंदाजापेक्षा आकडा वेगळा निघतो. गोधडी मशीनमध्ये टाकू नये. पाणी पिऊन ती दगड होते. जरीची साडी तर नाहीच नाही.

कराविषयी एक सांगते. 2025 च्या सप्टेंबरात वातानुकूलन यंत्र, मोठे टीव्ही आणि भांडी धुण्याचे यंत्र यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. धुण्याच्या मशीनचा 2018 च्या जुलैतच 18 झाला होता. तेव्हा "कर उतरलाय, आजच घ्या" असे कोणी म्हटले तर हसून ऐका.

आणि विजेचे. जुन्या घरांतून तीन भोकांचा बोर्ड असतो, पण अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर आपण उभ्या असतो. मशीन घरात येण्याआधी वायरमन बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. यात एक रुपयाही वाचवू नका.

आता जे बोलायला मला थोडा संकोच वाटतो ते. आपल्या मंडळात चार घरची धुणी करून मुले शिकविणाऱ्या भगिनी आहेत, इथेच समोर बसल्या आहेत. मशीन आले की घरात पहिला विचार निघतो, आता बाईचे पैसे कमी करा. आमच्याकडेही निघाला. मी म्हटले, कपडे टाकायला, काढायला, झटकून वाळत घालायला हात तिचेच आहेत. कॉलर आणि साडीचा काठ आधी ब्रशने घासावा लागतो, तोही तीच घासते. तिचा पगार तोच ठेवला. तिची कंबर वाचली तर ते काय आपल्या खिशातून गेले? यजमान दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः बटण फिरवायला शिकले, आणि आता सुट्टीच्या दिवशी मशीन तेच लावतात.

दुकानात मात्र जी धुणे करते तिनेच जावे. आमच्याकडे बाईलाही बरोबर नेले होते. टबाची खोली हात घालून तिनेच पाहिली. तिची उंची कमी, एका मशीनच्या तळाशी हात पोचेना. ते आम्ही सोडले.

कोणाला आमचे मशीन चालवून पाहावयाचे असेल तर नळाच्या दिवशी दहानंतर यावे. येताना पायपुसणी आणली तरी चालतील, शेवटच्या पाण्यात काढून देईन.