बुद्धी आहे, पण वाचता येत नाही

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातलं कोन लागतं. या पट्ट्यात घरी आगरी, उर्दू किंवा हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी, असं अनेक मुलांचं होतं. मूल वाचताना अडखळलं की कारण भाषेचा अपरिचय की अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन न जमणं? हे ओळखणं शालेय मानसशास्त्रज्ञाचं काम.

आधी डोळे आणि कान तपासतात. मग बुद्धिमापन, आणि वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. बुद्धी ठीक, तरी वाचन दोनेक इयत्ता मागे, असं दिसलं की निदान अध्ययन अक्षमतेकडे झुकतं. नुसता बुद्ध्यंक काढून हातात कागद देणं म्हणजे अर्धंच काम! खरं काम पुढे: अक्षर-ध्वनीची जोडणी, रोज थोडा पण नेमका सराव, आणि महिन्या-दोन महिन्यांनी प्रगतीची तपासणी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं. त्यावर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात या प्रमाणपत्रासाठीची तपासणी होते.

पालकहो, तिसरीतलं मूल अजून अक्षरं उलटी लिहीत असेल, तर ओरडू नका; वर्गशिक्षकांना भेटा.