मुका चाकर



संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेत कुत्र्यावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण रात्रभर राखण करून चतकोर भाकरीवर राहणारा कामगार दुसरा कोण आहे?

आपल्या लातूर-नांदेडकडचा कारवानी कुत्रा प्रसिद्ध : लांब तोंड, बारीक कंबर, वाऱ्यासारखी धाव. असेच एक पिल्लू आम्ही देगलूरला पाळले. ओसरीवर घाण केली की आम्ही काठी हाणीत असू. परिणाम काय? घाण थांबली नाही. ते आडोशाला जाऊन करू लागले, आणि आमची चाहूल लागताच बाजेखाली दडू लागले. तेव्हा उमगले, धाकाचे काम मुकादमाची पाठ वळेपर्यंतच चालते.

आम्ही काठी टाकली. ते खाऊन झाले की, झोपून उठले की, लगेच बाहेर नेऊ लागलो. तेथे उरकले की पाठीवर हात आणि भाकरीचा तुकडा. शाबासकी त्याच क्षणी हवी. उशिराची त्याला कळत नाही. हळूहळू ओसरी स्वच्छ राहू लागली.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून निवतो. म्हणून आपल्या उन्हाळ्यात सावली आणि पाणी हवेच. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचावी. कुणाला चावलाच, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणे हा तर १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवमहाराज तूप घेऊन धावले, अशी कथा आहे. ते नरसीचे, आपल्याच मुलखातले. आपण तेवढे न धावलो तरी चालेल. हातातली काठी तेवढी खाली ठेवू या.