न बोलण्याचे फ्रेंच शब्द

मराठीत आपण ‘गप्प बसतो’. माणूस उभा असला तरी गप्प ‘बसतो’च! फ्रेंच भाषेत त्यासाठी ‘स तेर’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. त्यातला ‘स’ म्हणजे ‘स्वतःला’. तो काढून नुसते ‘तेर’ म्हटले, की अर्थ होतो ठाऊक असलेली गोष्ट न सांगणे. गप्प राहणे आणि दडवून ठेवणे यांत तिथे एवढ्याशा अक्षराचे अंतर आहे.

गप्पा रंगात असताना सगळेच एकदम थांबले, की फ्रेंच माणूस म्हणतो ‘अं नांज पास’, देवदूत चालला आहे. गुपित राखायला सांगताना म्हणतात ‘मोत्यूस ए बूश कुझ्यू’. ‘बूश कुझ्यू’ म्हणजे शिवलेले तोंड. आणि ‘मोत्यूस’? ‘मो’ म्हणजे शब्द, त्याला गमतीने लावलेले हे लॅटिनचे शेपूट. आपली पोरे मराठी शब्दांना अनुस्वार लावून संस्कृत झाडतात ना, अगदी तसेच.

आता एक म्हण पाहा : ‘की न दी मो कोंसां’. जो शब्द बोलत नाही, त्याची संमती आहे. आपले ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ ते हेच. मला स्वतःला ही म्हण फारशी पटत नाही. स्थळ आले, मुलगी मान खाली घालून गप्प राहिली, की वडीलधारी मंडळी होकार धरून चालतात. वर्गात ‘समजलं ना?’ असे विचारल्यावर पसरणारी शांतता कशाची असते, ते शिक्षक मंडळी जाणतातच.

फ्रेंचांच्या कायद्यालाही ही म्हण सरसकट मान्य नाही. करारासंबंधीच्या २०१६ च्या सुधारणेत स्पष्टच म्हटले आहे, की नुसते मौन म्हणजे स्वीकार नव्हे. कायदा, रूढी वा विशेष परिस्थिती असेल तर गोष्ट वेगळी. सरकारी कचेरीचे मात्र उलटे! २०१३ च्या कायद्याने, अर्जाला दोन महिने उत्तर आले नाही तर तो मंजूर झाला असे धरतात. अर्थात, अपवादांची यादी भलतीच लांब आहे.

लष्कराला तिकडे ‘ला ग्रांद म्युएत’, थोरली मुकी, म्हणतात. चाकरीतल्या सैनिकांचा मताधिकार १८७२ मध्ये गेला, तो १९४५ मध्ये परत मिळाला. हे मौन लादलेले होते.

याहून निराळे मौन १९४२ च्या ‘ल सिलांस द ला मेर’ या पुस्तकात आहे. नावाचा अर्थ ‘समुद्राचे मौन’. जर्मनांनी फ्रान्स व्यापलेला असताना झां ब्रुलेर यांनी ‘व्हेरकोर’ या टोपणनावाने लिहिलेली ही कथा चोरून छापली गेली. एका घरात जर्मन अधिकारी मुक्कामाला येतो. माणूस सुसंस्कृत, संगीताचा जाणकार. रोज संध्याकाळी येऊन मनापासून बोलत राहतो. घरात एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची पुतणी. (भाची म्हणा हवे तर, फ्रेंचमध्ये दोघींना शब्द एकच.) दोघे त्याला उत्तर देत नाहीत. शिवी नाही, तक्रार नाही. दार उघडे, आणि तोंड बंद. या मौनाला संमती कोण म्हणेल? अखेर तो जायला निघतो तेव्हा ती मुलगी एकच शब्द उच्चारते, ‘आद्यु’. एरवीच्या निरोपाला फ्रेंच माणूस ‘ओ रव्वार’ म्हणतो. ‘आद्यु’ म्हणजे पुन्हा भेट नाही.