अरण्यातील वीज : तुलना कोणाशी?

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र असता सूरजागडच्या परिसरात वीज का जाते? कारण निर्मितीत नसून तारांच्या रानवाटेत आहे. जर्मनीत २०२३ साली ग्राहकामागे सरासरी सुमारे १३ मिनिटेच वीज खंडित झाली. परंतु तेथील बहुतांश वितरण भूमिगत आहे. ती तुलना आपल्या कामाची नव्हे. फिनलंड मात्र अरण्याचाच देश. डिसेंबर २०११ च्या वादळांत तेथे झाडे तारांवर कोसळून लाखो ग्राहक अंधारात राहिले. २०१३ च्या कायद्याने मर्यादा घातली : वादळ वा हिमवर्षावामुळे पडणारा खंड नगरांत ६ तासांहून, अन्यत्र ३६ तासांहून अधिक नसावा. पूर्ततेस अर्थातच वर्षे दिली. आपल्या रोहित्रावर वीज केव्हा गेली, केव्हा आली, हे ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिले जाऊ लागले, तर ते ३६ तासांचे माप येथेही लावून पाहता येईल.