मग, काय झालं काल?



कल्याण-डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईचे रोजचे अडीच-तीन तास जाण्यायेण्यात जातात. डबा तोच, गाडी तीच, आजूबाजूच्या बायकाही बहुतेक त्याच. घरच्या माणसांशी एवढा वेळ सलग बोलणं तिच्या वाट्याला क्वचितच येतं. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी एकमेकींना रोज घरच्या, मुलांच्या, शाळेच्या ज्या बातम्या सांगतात, त्यांच्याविषयी आज मला बोलायचं आहे.

बातम्या तशा लहानच. सासऱ्यांची साखर पुन्हा वाढली. नळाला सकाळी अर्धाच तास पाणी होतं. धाकटीचं गॅदरिंग आहे आणि साहेब रजा देत नाहीत. बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटतं, यात काय एवढं? काही जण तर सरळ 'बायकांच्या कुचाळक्या' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते.

संध्याकाळची परतीची गाडी डोळ्यांसमोर आणा. थंडीचे दिवस, म्हणजे मटार स्वस्त. घाटकोपर गेलं की कुणीतरी मांडीवर कागद पसरते आणि शेंगा सोलायला घेते. शेजारची न विचारताच त्यातल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढते. सोलता सोलता पहिली सांगते, "मुलगा दहावीत आहे, पण क्लासला जात नाही म्हणतो. परवापासून घरात अबोला आहे." थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. मग चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली एक जण म्हणते, "अगं, आमच्या मोठ्यानंही हेच केलं होतं. क्लासमध्ये त्याला एक मुलगा सारखा चिडवायचा. आम्हाला कळलं तेव्हा सहामाही होऊन गेली होती. तू आज रागावू नकोस. आधी जेवायला वाढ, मग विचार." डोंबिवली यायच्या आत मटार सोलून होतात आणि घरी गेल्यावर काय बोलायचं तेही ठरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई डब्यात चढते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "मग, काय झालं काल?" माझ्या लेखी सगळं मोल या प्रश्नाचं आहे. घरात बाईला दिवसभर विचारलं जातं ते कामाचं: डबा भरला का, फी भरली का, इस्त्रीचे कपडे आले का. तिचं कालचं बोलणं लक्षात ठेवून आज पुढचं विचारणारं माणूस घरात असेलच असं नाही. डब्यात ते असतं.

बातम्यांबरोबर माहितीही फिरते. खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी 25 टक्के जागा राखीव असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच तशी तरतूद आहे. पण अर्ज कधी निघतात, उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा, सोडतीत नाव लागलं तर पुढे काय करायचं, हे घरकामाला जाणाऱ्या बाईला कोण सांगणार? डब्यात शेजारी बसलेली, जिच्या मुलाचं गेल्या वर्षी नाव लागलं, ती सांगते. कागदांची यादी तिला तोंडपाठ असते.

पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी 5 मे 1992 रोजी सुटली. गर्दीत बायकांना सुरक्षित प्रवास मिळावा म्हणून ही सोय झाली. मैत्रीची सोय कुठल्या वेळापत्रकात नसते, ती बायकांनी आपली आपण केली. नवरात्रात डबा सजतो, दसऱ्याला पूजा होते, संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, एखादीचं डोहाळजेवणही धावत्या गाडीत होतं.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली, तेव्हा हे सगळं एका दिवसात तुटलं. त्या काळात अनेकींनी फोनवर ग्रुप धरून ठेवले. पण घरात सगळी माणसं चोवीस तास असताना सासूबद्दल किंवा नवऱ्याच्या गेलेल्या नोकरीबद्दल मोकळेपणानं बोलणार कशी? पुढे 21 ऑक्टोबरपासून, ऐन नवरात्रात, ठरावीक वेळेत सर्व महिलांना लोकलचा प्रवास खुला झाला. मास्क लावलेल्या बायका एकमेकींना डोळ्यांवरून ओळखून हाका मारत होत्या.

सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. ग्रुपसाठी जागा अडवून ठेवायची, नव्या बाईला महिनोन्‌महिने दाराशी उभं ठेवायचं, तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही, हेही याच डब्यात चालतं, आणि ते वाईट आहे. नव्यानं नोकरीला लागलेली, लहान मूल पाळणाघरात ठेवून आलेली मुलगी दाराशी उभी असेल, तर या बोलण्याची सगळ्यात जास्त गरज तिलाच असते.

आणखी एका बाईची मला काळजी वाटते. ती निवृत्त होते, शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे देते, पास संपतो. पहिले काही आठवडे फोन येतात, मग तेही थांबतात. वर्षानुवर्षं जिच्या मुलांच्या तापापासून लग्नापर्यंतचं सगळं आपण ऐकलं, तिच्या घरी आता काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

मैत्रिणींनो, तुमच्या ग्रुपमधली अशी कुणी असेल, तर तिला या आठवड्यात फोन करा. नुसतं "बरी आहेस ना" विचारून ठेवू नका. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाची बदली झाली, कुणाचा मुलगा बारावीला बसलाय, सगळं सविस्तर सांगा. मग तिच्याकडचं विचारा, आणि ती बोलेल तितका वेळ ऐका.