घाईचं बिल

‘लवकर हवं, स्वस्तात हवं आणि चांगलंही हवं’, असं क्लायंट म्हणतो. ‘तिन्हीपैकी दोन निवडा’ हे आपलं पाठ उत्तर. मला ते फारसं पटत नाही. त्यात क्वालिटी म्हणजे एकच मोठी, महागडी वस्तू असं धरलेलं असतं. खरं तर त्यातली काही कामं महिनाभराची असतात, काही अर्ध्या तासाची. आणि घाईत आपण बरेचदा ही अर्ध्या तासाचीच गाळतो.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचं बघा. १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना सुरू होणार होती. तारीख बाहेरून ठरलेली, हलवता येणार नाही. कंपनीनं नवा कोड लिहिला आणि त्यासाठी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला. तो पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाचं फीचर चालू करायचा. ते २००३ मध्येच वापरातून गेलं होतं, पण कोड तसाच पडून. ‘राहू दे, काय खातोय का?’ असं आपणही म्हणतोच ना! २००५ मध्ये तर ऑर्डर पूर्ण झाली की नाही हे मोजणारा भाग दुसरीकडे हलवला, त्यानंतर पॉवर पेग कुणी तपासलं नाही. बंद फीचर कोण तपासणार?

नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता. सातांवर गेला, एकावर राहिला. दुसऱ्या कुणी तरी एकदा बघायचं, अशी पद्धतच नव्हती. बाजार उघडला, आठव्या सर्व्हरवर पॉवर पेग जागं झालं. ऑर्डर पूर्ण झाल्याचं त्याला कळेना, म्हणून ते पाठवतच राहिलं. २१२ ऑर्डरींपोटी ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार! बाजार उघडायच्या आधी ९७ अंतर्गत ईमेल गेले होते, त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. पण ते अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते. गोंधळात टीमनं उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, म्हणजे तिथंही जुनाच जागा झाला. नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर. वर्षभरात कंपनी दुसरीत विलीन झाली.

आता हिशेब करा. मेलेला कोड काढणं, आठ सर्व्हर दुसऱ्या माणसानं बघणं, सगळं थांबवायचं एक बटण. यानं तारीख चुकली असती असं मला वाटत नाही. उलट, संपूर्ण टेस्ट ऑटोमेशन किंवा नवं डिझाइन पुढं ढकललं तरी चालतं, फक्त ते लिहून ठेवा. कॉलेजच्या गॅदरिंगचा नोंदणी फॉर्म असेल तर मी टेस्ट लिहीतही नाही. आठवड्यानं तो फेकायचाच असतो. पगार, पेमेंट, औषधं असली की मात्र आधी एकच विचारतो: चुकलं तर मागं फिरता येईल का, आणि किती मिनिटांत?

आणि एस्टिमेटमध्ये ‘टेस्टिंग’ अशी वेगळी ओळ टाकू नका. क्लायंटची कात्री पहिली तिथंच चालते. शिंपी बिलात दोऱ्याचे पैसे वेगळे लावत नाही, तसं ते प्रत्येक कामाच्या तासांतच धरा. मागं फिरायची तालीम तेवढी क्लायंटसमोर करा, रिलीजच्या आदल्या दिवशी, सगळे जागे असताना.