पंक्चरचा शनिवार



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत, त्यामुळे प्रस्तावना करत नाही. समोरच्या फोटोखाली त्याचं पूर्ण नाव लिहिलंय, पण त्या नावानं त्याला फक्त हजेरी घेताना हाक मारली जायची. आपल्यासाठी तो पंक्चर. शाळेच्या मागच्या गल्लीत आबांचं सायकलचं दुकान, आणि मधल्या सुट्टीत हा तिथे ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसलेला. दुसरा कुणी चिडला असता. यानं भूगोलाच्या वहीवर ते नाव स्वतःच लिहून टाकलं होतं.

फोटोखाली ‘कुटुंबवत्सल आणि सायकलप्रेमी’ असंही लिहिलंय. हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचले की मला जरा शंका येते. पुण्यात माझ्या ऑफिसातही सायकलवेडे आहेत. शनिवार-रविवार ते घरी सापडत नाहीत. त्यांच्या बायका ते हसून सांगतात, पण ते हसणं काही फार खरं नसतं. पंक्चरच्या घरी तसं का झालं नाही, तेवढंच सांगते.

तो चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि राहायला धनकवडीला. २०१४ साली इथे साताऱ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. दुकान बंद झालं. तेव्हापासून एक आड एक शनिवारी हे कुटुंब साताऱ्याला यायचं. वहिनी आणि दोन्ही मुलं स्वारगेटहून एसटीनं, आणि हा सायकलनं. ११० किलोमीटर. पहाटे चारला निघायचं, जुना कात्रज घाट अंधारातच चढायचा, शिरवळला मिसळ, मग खंबाटकी. मुलं सातला उठणार, आवरून साडेआठच्या गाडीत बसणार. पाचवडच्या आसपास कुठेतरी एसटी त्याला गाठायची आणि मुलं खिडकीतून ओरडायची. ड्रायव्हरसुद्धा ओळखीचे झाले होते, हॉर्न द्यायचे. रविवारी परतताना सायकल एसटीच्या टपावर आणि हा मुलांच्या मधे बसून झोपलेला. म्हणजे त्याचा छंद घरच्यांच्या वेळातून काढलेला नव्हता. घरचे झोपलेले असायचे तेव्हा तो अर्धा पार पडलेला असायचा.

आता चाकाबद्दल. हे मला वहिनींनी सांगितलं.

आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. रिंग सरळ फिरते ती या तारांच्या ताणावर. एखादी तार सैल झाली की रिंग एका बाजूला झोलते आणि ब्रेकच्या रबराला घासते. याला दुकानात ‘आउट’ म्हणतात. आउट काढणं वाटतं तितकं सोपं नाही. एका बाजूची तार पाव फेरा आवळली की समोरच्या बाजूची तेवढीच सैल करावी लागते, नाहीतर रिंग गोल राहत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक बग काढताना दुसरे दोन करून ठेवतो, तसंच. आबा या कामात पक्के होते. डोळे मिटून, नुसतं तारांवर बोट फिरवून आवाजावरून सांगायचे, कुठली ढिली आहे.

झटक्यानंतर आबा बोलेनासे झाले. म्हणजे बोलता येत होतं, पण बोलायचे नाहीत. मग पंक्चरनं एक सुरू केलं. साताऱ्यात पोहोचला की घराच्या कोपऱ्यावर उतरायचा, खिशातला पाना काढायचा आणि मागच्या चाकाच्या दोन तारा सैल करून ठेवायचा. घरात शिरताना म्हणायचा, “आबा, चाक घासतंय हो.” सायकल उलटी करून अंगणात ठेवायची. आबा डाव्या हातानं दुपारभर बसायचे. सुरुवातीला चार-चार तास लागायचे, आणि शिव्याही सुरू व्हायच्या, रिंगला, पान्याला, याला. वहिनी म्हणतात, त्या शिव्या ऐकून सासूबाई आत स्वयंपाकघरात हसायच्या.

हे सगळ्यांसमोर सांगू का, असं मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगा की. आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

लांब पल्ल्याच्या बीआरएम राइड त्यानं केल्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ती दोनदा. ३०० वीस तासांत, ती एकदा. एकाच वर्षात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केल्या की ‘सुपर रँडोनूर’ म्हणतात. ते त्याला हवं होतं, मला माहीत आहे. ताकदही होती. पण ४००ला सत्तावीस तास, ६००ला चाळीस तास, आणि सरावाला त्याहून किती तरी शनिवार. “आबांचा शनिवार मोडतो,” एवढंच म्हणाला. मी आग्रह केला, तर त्यानं विषय बदलून माझ्या गाडीच्या क्लचबद्दल विचारलं.

गेल्या जानेवारीत तो झोपेत गेला. हृदयविकाराचा झटका. त्या दिवशी स्मशानात आणि नंतर फोनवरही मी एकच वाक्य इतक्यांदा ऐकलं: “एवढी सायकल चालवून काय उपयोग झाला?” मुलांनीही ते ऐकलं, म्हणून इथे माईकवर सांगते. सायकल म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हती. तो सायकल चालवत होता कारण त्याला साताऱ्याला यायचं असायचं, आणि कारण पहाटेचा कात्रज त्याला आवडायचा. दोन्ही गोष्टी त्याला भरपूर मिळाल्या.

त्याची सायकल आता मुलगी चालवते. सीट दोन इंच खाली करून घेतली आहे.

आबा आजही त्याच गल्लीत राहतात. जेवणानंतर ज्यांना जमेल त्यांनी जाऊन या. त्यांच्या डाव्या बाजूला बसा आणि थोडं मोठ्यानं बोला. सांत्वन करू नका, ते त्यांना आवडत नाही. कुणी सायकलवर आलं असेल तर ती अंगणापर्यंत घेऊन जा.